आईला काचेबाहेर कुणी उभे केले?

अणदूरजवळच्या एका वाडीतली बाई. सातवा महिना सरत आला आणि अवेळी कळा सुरू झाल्या. किलोभर वजनाचे बाळ झाले. ते एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवले आणि बाईला सांगितले, बाहेर थांबा. ती थांबली. जिन्याखाली पथारी टाकून एकोणीस दिवस थांबली. ओली बाळंतीण. दर तीन तासांनी वाटीत दूध पिळायचे आणि दारावरच्या मावशीच्या हाती द्यायचे, एवढाच तिचा बाळाशी संबंध. आत सोडा म्हटले की उत्तर ठरलेले, "आत जंतू जातील, बाई." मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "लेकरू माझं, अन् बघायला मलाच इचारावं लागतंय." एकोणिसाव्या दिवशी बाळ तिच्या हातात दिले. पहिल्यांदाच. ते गेले होते.

त्या बाळाला वाचवता आले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढी लहान बाळे सर्व उपचार करूनही जातात. पण त्या एकोणीस दिवसांत त्याला आईची ऊब का मिळू नये, याचे उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. जे हाती लागले ते संताप आणणारे आहे. आई बाहेर हवी असे वैद्यकशास्त्र सांगत नाही. उलटच सांगते. तरीही आपल्या बहुतेक दवाखान्यांत आई बाहेरच आहे.

आधी आकडे पाहू. 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे 37 आठवडे भरण्याआधी जन्मली. त्यांतली 30 लाखांहून अधिक एकट्या भारतात. कोणत्याही देशापेक्षा जास्त. 28 आठवड्यांच्याही आधी जन्मलेल्या बाळांना डॉक्टर अति अकाली जन्मलेली म्हणतात. त्यांची फुप्फुसे तयार नसतात, कातडी पापुद्र्यासारखी असते, चोखून गिळण्याची ताकद नसते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गरीब देशांत अशा दहा बाळांपैकी नऊहून अधिक पहिल्या काही दिवसांत मरतात, आणि श्रीमंत देशांत दहातले एकसुद्धा पुरते मरत नाही. आठवडे तेच, वजन तेच. फरक पत्त्याचा.

या बाळांबद्दल आपल्याकडे दोन प्रकारे बोलले जाते. पहिला प्रकार वर्तमानपत्री. "सहाशे ग्रॅमच्या चिमुकलीची मृत्यूवर मात" असा मथळा, डॉक्टरांच्या ओंजळीत बाळ असा फोटो आणि आई असलीच तर कोपऱ्यात. दुसरा प्रकार आपल्याच बैठकांतला. "खेड्यात साधे बाळंतपण धड होत नाही, तिथे सहाशे ग्रॅमच्या जिवापायी लाखो रुपये कशाला?" हे वाक्य मीही एकदा बोलले आहे, म्हणून त्याचा समाचार घेण्याचा मला हक्क आहे. साठीच्या पुरुषाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करताना हा हिशेब कुणी मांडतो का? तिथे घर जमीन विकते आणि सरकारी योजना पैसे भरते. बाईच्या पोटचे आणि पुढे बाईनेच निस्तरायचे असे काही आले की मात्र समाजाला एकाएकी काटकसर सुचते.

दोन्ही प्रकारांत एक चूक सारखीच आहे. बाळ एकीकडे आणि आई दुसरीकडे धरली आहे. यंत्राचे गोडवे गाणाऱ्याला आई दिसत नाही. यंत्र नको म्हणणाऱ्यालाही ती दिसत नाही.

ही फारकत बाळाच्या जन्माआधीच सुरू होते. बाळ अवेळी का येते? प्रत्येक वेळी कारण सापडत नाही. पण जी कारणे ठाऊक आहेत ती बाईच्या जगण्यातच आहेत. अंगात रक्त नाही, रक्तदाब वाढलेला, लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग अंगावर काढलेला, पहिले मूल अंगावर पीत असताना दुसरे पोटात, आणि लग्न अठराच्या आत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. बालविवाहात बीड, परभणी हे मराठवाड्यातले जिल्हे राज्याच्या सरासरीच्या कितीतरी पुढे निघाले.

त्यात ऊसतोड. नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, म्हणून पोटुशी असली तरी जायचे. फडात मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. 2019 साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या कामाने बाईच्या गर्भाशयाची ही दशा केली, त्याच कामात दुसरी बाई सात महिन्यांची पोटुशी असते. ती फडाशेजारच्या कोपीत अवेळी बाळंत झाली तर त्या बाळाची नोंद कोणत्या गावात? 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने अकाली प्रसूतीमुळे आजारी पडलेल्या बाईला एक महिना जादा रजा देऊ केली होती. ती रजा कचेरीतल्या आणि कारखान्याच्या हजेरीपटावरच्या बाईला. कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या बाईला नाही.

आता वाटेचे बघा. अणदूर हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबा दरवर्षी मुक्काम बदलतो. देव कधी निघणार, कोण नेणार, कोण उतरवून घेणार, हे दोन्ही गावांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. सातव्या महिन्यात जन्मलेले लेकरू कुठे न्यायचे हे मात्र दर वेळी नव्याने शोधावे लागते. जिल्ह्याच्या गावी न्यावे तर तुळजापूर ओलांडून लांब. सोलापूर जवळ, पण जिल्हा दुसरा. जिल्हा पातळीवरचे विशेष नवजात कक्ष मुख्यतः थोडी मोठी, स्वतः श्वास घेणारी बाळे सांभाळण्यासाठी उभारले आहेत. अगदी लहान बाळाला श्वासाचे यंत्र लागले की चिठ्ठी मोठ्या शहराची. खाजगीत गेले तर दिवसाला हजारो रुपये. आधी डोरले गहाण, मग शेत. आणि या धावपळीत आई बहुधा मागे राहते. ती एका दवाखान्यात टाके घालून पडलेली, बाळ दुसऱ्या गावात आणि नवरा दोन्हीकडे पळतो आहे.

ही वाट सोपी करणाऱ्या गोष्टी महागड्या नाहीत. अवेळी कळा सुरू झाल्या की आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर पिकतात. हे 1972 पासून जगाला ठाऊक आहे, आणि औषध अगदी स्वस्त आहे. मोठ्या दवाखान्यात पाठवण्यापूर्वी पहिला डोस नर्सबाईने द्यावा, असे केंद्र सरकारने 2014 साली सांगितले. तुमच्या उपकेंद्रात ते इंजेक्शन आहे का? जाऊन पाहा. दुसरी गोष्ट ऊब. वाटेत बाळ गारठले की पुढे कितीही भारी यंत्र असो, निम्मी लढाई हरलेली असते. आणि बाळाला ऊब देत न्यायचे तर आईच्या छातीसारखी दुसरी जागा नाही.

इथे आपण काचेच्या दारापाशी येतो.

1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात दवाखान्यात पेट्या कमी पडू लागल्या, म्हणून डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळे आयांच्या उघड्या छातीशी फडक्याने बांधली. कांगारू मादी पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवते, तशी. गरजेपोटी केलेला उपाय खरोखरच गुणकारी निघाला. आपल्या मुंबईतही सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी डब्याचे दूध बंद करून आईचे दूध आणले, आयांना बाळांची निगा शिकवून कामात घेतले, आणि 1989 साली तिथे आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. म्हणजे महापालिकेच्या गर्दीच्या दवाखान्यात जे जमले ते जमत नाही असे आपल्याला इतकी वर्षे सांगितले जात आहे.

तरी शंका होतीच. पहिल्या दिवसापासून आईला अतिदक्षता कक्षात घेतले तर जंतू जातील, बाळे मरतील. ही शंकाही तपासून झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत 3,211 बाळांवर प्रयोग झाला. भारतातला दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. बाळे 1 किलो ते पावणेदोन किलोंच्या आसपासची. निम्म्या बाळांना नेहमीसारखे आधी पेटीत ठेवले, निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या किंवा घरच्या दुसऱ्या बाईच्या छातीशी, दिवसाचे सतराएक तास. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच टाकली. 2021 साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या 28 दिवसांत पेटीतल्या गटातली शेकडा 15.7 बाळे गेली, आईपाशी ठेवलेल्या गटातली शेकडा 12. फायदा इतका स्पष्ट दिसला की प्रयोग मुदतीआधीच थांबवला. जंतूंचे म्हणाल, तर आईपाशी ठेवलेल्या बाळांत जंतुदोष कमी झाला.

आई म्हणजे जंतू, या समजुतीचा इथे निकाल लागला. ही समजूत नुसती वैद्यकीय कधीच नव्हती. खेड्यातली बाई अडाणी आहे, मळकट आहे, आत आली तर घोळ घालील, असे मानणाऱ्यांची ती समजूत. सोवळेओवळे देवघरातून उठले आणि नवजात कक्षाच्या दारात येऊन बसले, एवढेच.

पण अर्धवट सांगून आपल्याच बायकांची फसवणूक मला करायची नाही. त्या प्रयोगात किलोच्या आतली बाळे नव्हती आणि स्वतःहून श्वास न घेणारीही नव्हती. सहाशे-सातशे ग्रॅमच्या बाळाला श्वासाचे यंत्र लागतेच. फुप्फुसात सोडायचे महागडे औषध लागते. प्राणवायू मोजून द्यावा लागतो, कारण तो जास्त झाला तर डोळे जातात. तमिळनाडूत 1996 साली 29 व्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीचे डोळे सरकारी दवाखान्यात वेळेवर तपासले नाहीत आणि ती आंधळी झाली. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला 1 कोटी 38 लाखांची भरपाई दिली, तिच्या वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. म्हणून आई आली की यंत्र नको, असे म्हणणाऱ्यांच्या हाती आपण कोलीत देऊ नये. सरकारला स्वस्तात सुटायला ते हवेच आहे. यंत्र हवे, परिचारिका हव्यात, डोळ्यांची तपासणी हवी, आणि या सगळ्याच्या मध्यभागी आई हवी.

आई बाहेर आणि परिचारिका अपुऱ्या असे असले की काय होते ते भंडाऱ्याने दाखवले. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. आत 17 बाळे होती. 10 गेली. ज्यांचा जीव त्या बाळांत अडकला होता, त्या आया तेव्हा बाहेर होत्या. पुढे गुन्हा दाखल झाला तो कक्षातल्या परिचारिकांवर, म्हणजे पुन्हा बायकांवरच. तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हा दंडक कोणी पाळला नाही, आगीची यंत्रणा कोणी बसवली नाही, हे प्रश्न फायलीत गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेच घडले.

आणि या कक्षांत पोचते कोण? 2017 साली देशातल्या सरकारी नवजात कक्षांत मुलांपेक्षा मुली दीड लाखाहून अधिक कमी दाखल झाल्या, असे युनिसेफने पुढच्या वर्षी सांगितले. मुलगे जन्मतः थोडे नाजूक असतात हे खरे, पण त्याने एवढा फरक पडत नाही. हे कक्ष फुकट आहेत. तरी मुलीसाठी गाडीभाडे निघत नाही, आणि दाखल केलीच तर "नेऊ द्या घरी" म्हणून लवकर सही होते. सही कोणाची? बापाची, सासऱ्याची. आई टाक्यांवर पडलेली असते. उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हा माणसाच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय तिच्या खाटेपर्यंत येतच नाही.

निर्णयाचा मुद्दा निघाला म्हणून आणखी एक सांगते. ऑक्टोबर 2023 मध्ये 26 आठवडे उलटलेल्या एका विवाहित बाईचा गर्भपाताचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला. दोन मुले पदरात, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने ग्रासलेली. न्यायालयाने आधी परवानगी दिली. मग डॉक्टरांनी कळवले की हा गर्भ जगू शकतो, आणि अखेर परवानगी नाकारली गेली. पाहा गंमत. बाईला मूल नको असते तेव्हा अतिदक्षता कक्षाचे सामर्थ्य तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते. तिला मूल हवे असते तेव्हा तोच कक्ष साठ-सत्तर किलोमीटर दूर असतो आणि दार बंद असते. काही जणींना वाटते, अकाली बाळांसाठी आपण बोललो तर गर्भपाताच्या हक्काला धक्का लागेल. मला उलट वाटते. दोन्हीकडे मागणी एकच आहे. जिच्या शरीरातून हे सारे जाते, तिचा शब्द पहिला धरा.

आपल्या चळवळीची आणखी एक अडचण मला ठाऊक आहे. मातृत्वाचे देव्हारे माजवणाऱ्यांशी आपण आयुष्यभर भांडलो. आता आपणच "आईला आत घ्या" म्हणायचे? दिवसाचे सतरा तास बाळ छातीला बांधून बसायचे म्हणजे बाईला पुन्हा खुंटीला बांधणे नाही का? घरी मोठे लेकरू कोण पाहील? बुडालेली मजुरी कोण देईल? हा प्रश्न खरा आहे आणि तो डॉक्टर विचारणार नाहीत. आपणच विचारला पाहिजे. त्याचे उत्तर आईला बाहेर ठेवणे हे नव्हे. तिला खाट द्या, दोन वेळचे जेवण द्या, न्हाणीघर द्या, बुडालेली मजुरी द्या. ती दमली की बाळ सासूच्या छातीशी बांधा, बापाच्या छातीशी बांधा. ऊब पुरुषाच्या छातीलाही असते. बाप आठ तास लेकरू छातीशी धरून बसला तर मूल तर जगेलच, घरही थोडे सुधारेल.

आणि हे सारे करायला माणसे कुठून आणायची, असे कुणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची निगा शिकवली. 1999 साली लॅन्सेटमध्ये छापून आले की तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. कमी दिवसांच्या बाळांत पूर्वी तीनातले एक जायचे, ते दहातल्या एकावर आले. त्याच वाटेने पुढे 2011 साली देशभरातल्या आशांवर घरोघरी बाळ पाहण्याचे काम आले. काम आले, वेतन आले नाही, ही त्यातली मेख. आणि अणदूरला तर डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांतून भारतवैद्य घडवल्या. गावाने ज्यांना बाजूला टाकले होते अशाही बाया त्यांत होत्या. कोणत्या घरात पोटुशी बाई पांढरीफटक पडली आहे, कुणाचे पाय सुजले आहेत, हे अशा बाईला जितके कळते तितके कुठल्या यंत्राला कळणार नाही.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या.

1. प्रत्येक सरकारी नवजात कक्षात बाळाशेजारी आईची खाट. भेटीची वेळ ठरवून देणे बंद.

2. आई आणि बाळ यांना एकाच गाडीतून, एकाच दवाखान्यात पाठवायचे. वाटेत बाळ छातीशी. रस्ता जिल्ह्याच्या हद्दीने नव्हे, अंतराने ठरवायचा.

3. उपकेंद्रापर्यंत डेक्सामेथासोन आणि ते देण्याचे शिक्षण. विभागाच्या ठिकाणी किलोखालच्या बाळांसाठी पूर्ण सोयीचा कक्ष, आणि वाचलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांची व कानांची तपासणी.

4. कक्षात पुरेशा, कायम नेमणुकीच्या परिचारिका आणि आगीपासून संरक्षण.

5. उपचार सुरू ठेवण्या-थांबवण्याच्या कागदावर आईची सही, तिला तिच्या भाषेत सगळे समजावून सांगितल्यानंतर.

6. बाळ कक्षात असेतो आईची मजुरी. ऊसतोड बाईच्या खाड्याचा दंड रद्द, आणि बाळंतपणाच्या रजेची जबाबदारी कारखान्यावर.

1988 साली गर्भलिंगपरीक्षेवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात झाला तो बायकांच्या रेट्यामुळे. लांब मुदतीच्या संततिरोधक इंजेक्शनांवर आपण बोललो. नवजात कक्षाच्या दाराशी मात्र आपण थबकलो. ते डॉक्टरांचे क्षेत्र, आपल्याला काय कळते, असे समजलो. त्या दाराबाहेर जिन्याखाली बसलेली बाई आपलीच आहे.

हा अंक हाती पडला की चार-पाच जणी मिळून आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात जा. मोर्चा नको, निवेदनही नंतर. नवजात कक्षाच्या दारात उभ्या राहून एकच प्रश्न विचारा, "इथे आईची खाट कुठे आहे?" काय उत्तर मिळाले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.